काठोकाठ

कोटगिरीचा घाट निम्मा उतरून झाला होता. वळणावर बेल्लीनं ब्रेक दाबला, आणि चिखलात रुतावा तसा त्याचा पाय तळाला गेला. टॅक्सी मात्र तशीच सुसाट. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. शेवटी गियर पाडून, हँडब्रेक ओढून त्यानं ती डोंगराच्या अंगाला घासत कशीबशी उभी केली.

मागच्या सीटवर त्याची लेक सुमती पोट धरून बसली होती. पहाटेपासून तिला बाळंतपणाच्या बारीक कळा येत होत्या. खाली मेट्टुपाळयमच्या इस्पितळात तिला पोचवायचं होतं.

"अप्पा, काय झालं?"

"काही नाही, बाळ," म्हणत बेल्ली खाली उतरला.

त्यानं बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची टाकी काठोकाठ भरलेली. तेल गळालं असतं तर ती रिकामी दिसली असती. मग ब्रेक गेला कुठं? कोटगिरीचा मिस्त्री दर खेपेला म्हणायचा, "बेल्लीअण्णा, हे ऑइल बदलावं लागतं." बेल्ली त्याला टाकी दाखवून हसायचा. "भरल्या भांड्यात आणखी काय ओतणार तू?"

गाडी निवल्यावर त्यानं पेडल दाबून पाहिलं. दगडासारखं घट्ट! तो पार चक्रावला. खरं काय मानायचं, मघाचं की आत्ताचं?

"बघ, हेत्तेआईनं सांभाळलं," पुढच्या सीटवरून त्याची आई नंजी म्हणाली. "देव तारी त्याला कोण मारी! चल आता, पोरीला दम नाही."

बेल्लीचा हात चावीकडे गेला, पण मन घेईना. तो पुन्हा खाली उतरला आणि त्यानं टाकीचं टोपण काढलं. आतल्या जाळीवर तुळशीचं एक पान चिकटलं होतं, भिजून काळं पडलेलं.

"अव्वे, ह्यात तुळस कुठून आली?" त्यानं आईला विचारलं.

"कुठून म्हणजे? तीर्थातली. दसऱ्याच्या आयुधपूजेला तू सगळी टोपणं पुसायला काढतोस ना, तेव्हा मी थोडं थोडं घालते. दर वर्षी. ह्यात जरा जास्तच. ब्रेक म्हणजे गाडीचा जीव, तूच म्हणतोस."

बेल्ली मटकन दगडावर बसला. तेलात पाणी गेलं की घाटात तापून त्याची वाफ होते आणि पेडल पोकळ होतं, निवलं की पुन्हा घट्ट. मिस्त्रीचं हे बोलणं त्यानं या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं होतं. आता म्हातारीवर ओरडावं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी, त्याला कळेना. तिनं तर त्याच्या जिवासाठीच ओतलं होतं.

वरून बस येताना दिसली. बेल्ली रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. बस थांबताच त्यानं सुमतीला धरून चढवलं.

"अव्वे, तूही जा हिच्याबरोबर."

"अरे, ब्रेक बरा झाला ना? तुला झालंय तरी काय?"

"जा म्हटलं ना!"

नंजी पुटपुटत पायऱ्या चढली. बेल्लीनं दार लावायला हात पुढं केला, तर ती ड्रायव्हरजवळच थांबलेली. कनवटीची छोटी बाटली काढून ती मायेनं विचारत होती,

"पोरा, तुझं ब्रेकचं टोपण कुठं असतं रे?"