आधी काय?

सेजलच्या पत्राला दत्तारामांनी उत्तर दिलं नव्हतं. तिच्या गावाला, कापड्याला, जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसून ते त्याच पत्राची मनात उजळणी करत होते. महाडच्या वाचनालयातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी पोलीस भरतीची पुस्तकं ती त्यांनाच विचारून न्यायची. फोन उचलायला सर घाबरतात हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने पत्रच टाकलं होतं.

‘सर, मैदानी चाचणी पुढच्या महिन्यात आहे. मागच्या खेपेला गोळा चांगला गेला, पण आठशे मीटर धावताना शेवटी दम संपला. सरावात आधी धावावं की आधी वजनं उचलावीत? भरतदादा एक सांगतो, पांडूकाका दुसरंच. घरचे म्हणतात, ही शेवटची खेप. तुम्ही वाचता, तुम्ही सांगा.’

त्यांनी वाचलं होतं. एक पुस्तक म्हणत होतं, आधी धावा. दुसरं म्हणत होतं, अंग ताजं असताना वजनं उचला, धावणं मागाहून. तिसरं सगळ्यांत जाड. त्यात लिहिलं होतं की ज्याचं ध्येय जे असेल त्याने ते आधी करावं. सेजलला तर दोन्ही हवं होतं. आपण काहीतरी सांगायचं आणि पोरीचं वर्ष बुडायचं, या धास्तीने त्यांचं पेन उचललंच गेलं नव्हतं. ‘मला कळत नाही’ एवढं तरी समोर जाऊन सांगावं, म्हणून ते निघाले होते. पोलादपूर मागे पडलं तेव्हा तेही सांगू नये असं त्यांना वाटू लागलं.

सेजलच्या घराच्या पडवीत भरत आणि पांडूकाका बसले होते. भरत सेजलचा थोरला भाऊ. मुंबईची नोकरी सुटल्यावर आता महाडच्या कारखान्यात दुपारपाळीला जायचा. पत्र्याच्या डब्यांत सिमेंट ओतून, ते लोखंडी पाइपाला बसवून त्याने बहिणीसाठी वजन तयार केलं होतं. आता त्यावर पाय ठेवून तो चहा पीत होता. शेजारचे पांडूकाका फौजेतून परतलेले.

“बरं झालं सर आले,” भरत म्हणाला. “ह्यांना सांगा जरा. फर्स्ट वेट, मग कार्डिओ. आमच्या जिमचा ट्रेनर हेच सांगायचा.”

“तुझ्या ट्रेनरला पाठव की डोंगरावर,” काका म्हणाले. “पयला दम, ताकद मागनं. आमी फौजेत पळूनच चहा प्यायचो.”

“काका, तुमचा जमाना गेला. ह्यात सायन्स हाय.”

“सायन्स हाय तर गेल्या वक्ताला पोरगी मागं कशी रायली रे?”

तेवढ्यात सेजल खालच्या विहिरीकडून चढण चढून आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, कमरेला कळशी. शिमग्यापासून वाडीचा नळ कोरडा होता. सरांना पाहून ती हसली, पण बोलायला दम नव्हता. हंडा पिंपात रिकामा करून ती तशीच दाराशी उभी राहिली. तिच्या गळ्याची शीर उडत होती. तिकडे पाहत राहिल्यामुळे दत्तारामांचं पाठ केलेलं वाक्य हरवलं.

“तू… सकाळी उठून आधी काय करतेस?” त्यांनी विचारलं.

“पाणी आणते, सर.”

“तसं नाय गो,” भरत हसला. “सर एक्सरसाइजचं विचारतायत.”

“पाणी काय, बाया आणतातच,” काका म्हणाले.

सेजल हंडा-कळशी उचलून उतारावरून पुन्हा खाली गेली. ती दिसेनाशी झाली तरी दोघांचा वाद चालूच होता. परत आली तेव्हा पदर खोचावा तशी ओढणी कमरेला गच्च बांधून ती पायरीवर बसली आणि बुटांच्या नाड्या आवळू लागली. छाती अजून खालीवर होत होती.

“मग सर, पुस्तकं काय म्हणतात?” तिने वर न बघताच विचारलं.

दत्तारामांच्या ओठांवर काहीतरी आलं. ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं, म्हणून खरं असेल का याची त्यांना खात्री वाटेना. समोर दोन जाणती माणसं बसलेली.

“बघतो,” ते म्हणाले. “कळवतो.”

“बरं,” सेजल म्हणाली आणि धावत रस्त्याला लागली. पहिल्या वळणावरच तिने कमरेवर हात ठेवला.

महाडला उतरल्यावर ते घरी गेले नाहीत. पोस्टात जाऊन त्यांनी कार्ड घेतलं. तिथल्या बाकावर बसून पत्ता घातला, भरतच्या नावाने. मग बराच वेळ पेन धरून बसले. जाड पुस्तकातलं एक वाक्य आठवलं, ते त्यांनी लिहिलं नाही. शेवटी लिहिलं:

‘चि. भरत यास आशीर्वाद. आधी पाणी तू आण. मग आधी काय करायचं, ते सेजल तिचं ती ठरवील.’

वाचून पाहताना ते उद्धट वाटलं. कदाचित चुकीचंही असेल. शिवाय कार्ड म्हणजे उघडं. पोस्टमन पडवीत पांडूकाकांसमोर मोठ्याने वाचणार. पाकीट घ्यावं का, म्हणून ते खिडकीपर्यंत गेले आणि परत फिरले.

पेटीच्या तोंडात त्यांनी कार्ड घातलं. ते सोडून दिल्यावरही त्यांचा हात तिथेच राहिला. मागे उभी असलेली बाई म्हणाली, “आजोबा, पडलं ते आत. आता हात काढा.”