चीर

विमानाचे भाग बनवायचं शिक्षण घेतलेल्या संयोगिताच्या वर्गातली निम्मी पोरं अजून घरीच होती. तिला मात्र शिरवळकडच्या एका कारखान्यात तपासणीचं काम मिळालं. एके दिवशी साहेबांनी केसाएवढी चीर गेलेला भाग तिच्यापुढं सरकवला.

"कर पास. एवढ्यानं काही होत नाही."

तिनं सही केली नाही. त्याच संध्याकाळी साहेबांनी तिचा राजीनामा लिहून घेतला.

घरी येऊन ती म्हणाली, "आई, आता या लायनीत मला कुणी उभं करणार न्हाई गं."

मनुबाईचा भाकरी थापणारा हात थांबला.

"तुजे वडील ज्या हेलिकॉप्टरच्या अपघातात गेले, त्याचे भाग तपासताना असं कुणी अडून बसलं असतं, तर आज त्यांचंबी ताट वाढलं असतं."