राहिलेली गाजरं

मुक्ताचा ससा तीन गाजरं सोडून उड्या मारत पुढे गेला.

तिची आई सुरभी मागे उभी राहून तिच्या हातातल्या मोबाईलकडे बघत होती. गाजरं अगदी वाटेवर होती. ती गोळा करायची, खड्डे ओलांडायचे, दार गाठायचं, खेळ एवढाच. पुरेशी गाजरं जमली की सशाला एक जीव जास्त मिळे. तरी मुक्ता ती सोडायची.

"दिसत नाही का तुले?"

"दिसते ना."

"मंग काहून सोडली?"

"राहू दे," मुक्ता म्हणाली, आणि ससा पुढे गेला.

हे सगळं रविवारपासून सुरू झालं होतं. रविवारी मुक्ता आजीसोबत राळेगावच्या शेतात कापूस वेचायला गेली होती. शेजारच्या शेतात फवारणी चालू होती. पोरीच्या डोळ्यात काही गेलं असेल, या विचारानं सुरभीला झोप लागेना. तिला यवतमाळला नेऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. मग तर ती आणखीच गोंधळली. नजर नाही, तर काय?

सासूबाई, इंदुताई, तूर निवडता निवडता हसल्या. "कॉलेज शिकली, अन् पोरीच्या खेळातली गाजरं मोजून राह्यली."

मुक्ता शाळेत गेली की सुरभी मोबाईल घेऊन बसे. राहिलेली गाजरं उचलता येतात की नाही, एवढंच तिला बघायचं होतं. येत होती. तिनं सगळी उचलली. एकदा उचललेलं गाजर परत उगवत नसे. दुसऱ्या दिवशीही तिनं तेच केलं, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

संध्याकाळी मुक्ता त्या रिकाम्या जागांपाशी ससा थांबवायची. स्वतःशीच मान डोलवायची. आणि पुढच्या भागात आणखी गाजरं सोडायची.

शनिवारी तिनं लाल बदामही सोडला. तो घेतला की लगेच एक जीव मिळे, आणि सशाकडे शेवटचाच जीव उरला होता.

सुरभी तिच्याजवळ खाली बसली. "मुक्ता, खरं सांग. डोकं दुखते का तुयं?"

"नाही वं आई."

"मंग हे कायले ठेवलं?"

मुक्तानं आजीकडे पाहिलं. आजीनंच तिला शेतात सांगितलं होतं, आपलं वेचून झालं तरी खालची चार बोंडं झाडावर राहू द्यायची. मागून सरवा वेचणाऱ्या बाया येतात, राहिलेलं ते त्यांचं.

इंदुताईंचे हात सुपातच थांबले.

"अवं, ते शेतात," सुरभी म्हणाली. "मोबाईलमध्ये कोण येते मागून?"

"येते ना. रोज येते. मी शाळेत गेली की सारं वेचून नेते, एकबी ठेवत नाही." मुक्तानं आवाज बारीक केला. "लय उपाशी असन बिचारी."