चौथं बटण

"कुणाचा विश्वास बसायचा नाही," म्हातारबुवांनी सुरुवात केली, "पण न दाबलेलं बटण मी दाबून दाखवतो."

खोलीत कुणी हसलं नाही. एरवी या एका वाक्यावर कारखाना हातातलं काम टाकून गोळा व्हायचा. म्हातारबुवा दुरुस्तीच्या टेबलावर मशीनची पॅनलं तपासायचे आणि तपासता तपासता लोणकढी थापा मारायचे. त्यांच्या एका कीबोर्डवरून म्हणे झुरळ चालत गेलं आणि मालकांचा राजीनामा टाइप झाला.

आज त्यांच्यापुढे अपघाताच्या प्रेसचं पॅनल पडद्याला जोडून ठेवलं होतं. मालक समोरच बसले होते. शेजारी चौकशीला आलेले साहेब. भिंतीला टेकून म्हातारबुवांचा मुलगा. गेल्या महिन्यात वीज जाऊन आली, आणि तो पॅनलवर असताना पत्रा दाबणारी प्रेस खाली आली. आत अडकलेला पत्रा काढणाऱ्या त्याच्या जोडीदाराचा उजवा हात मनगटापासून गेला. मी प्रेसचं बटण दाबलंच नाही, असं मुलगा सांगत होता. खोटं ठरलं तर सरळ गजाआड. घरी सुनेला आठवा महिना होता.

जोडीदार कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता. सदऱ्याची उजवी बाही दुमडून पिनेने टोचलेली.

"बटणांखाली तारांची जाळी असते," म्हातारबुवा म्हणाले. "कुठली आडवी तार कुठल्या उभीला टेकली, ते ही चिप ओळखते आणि मशीनला कळवते. दोन बटणांपर्यंत शहाणी आहे. पण चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबा, करंट मागच्या दाराने शिरतो. मग चौथाही दाबला, अशी ती बोंब ठोकते. आम्ही त्याला भूत म्हणतो."

त्यांनी डाव्या हाताने 'दिवा' आणि त्याखालचा 'पट्टा' दाबला. मग वाकून, उजवा हात लांब करून, पॅनलच्या दुसऱ्या टोकाचा 'पंखा'. पडद्यावर तीन नावं उमटली. त्यांच्याखाली, कुणी बोट न लावता, चौथं: 'प्रेस खाली'.

साहेबांनी उठून स्वतः दाबून पाहिलं. भूत पुन्हा आलं.

"मग हे पॅनल पास कसं झालं?" मालकांनी विचारलं.

"आपण दोन-दोनच बटणं तपासतो, मालक. तिसऱ्याला वेळ जातो, असं तुम्हीच म्हणाला होता."

मालक खुर्चीत जरा खाली सरकले.

"वीज आली की दिवा, पंखा, माल सरकवणारा पट्टा पुन्हा चालू करावे लागतात," म्हातारबुवा पुढे म्हणाले. "एकेक करत कोण बसतंय? सगळेच एका दमात दाबतात. यानेही दाबले, दोन्ही हातांनी. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, चौथं कोण दाबतंय."

साहेबांनी मान डोलावली. "म्हणजे मुलाकडे दोष जात नाही."

जन्मात पहिल्यांदा म्हातारबुवांच्या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवला होता. पण ते पॅनलकडेच बघत राहिले. सकाळी त्यांनी मुलाला एवढंच विचारलं होतं, दोन्ही हात पॅनलवर होते ना? मुलगा चपलांकडे बघत 'हो' म्हणाला होता. पुन्हा विचारायचं त्यांनी टाळलं.

स्टूल सरकलं. जोडीदार पॅनलपाशी आला.

"काका, भूत खरं असेल," तो म्हणाला. "पण याच्या एका हातात फोन होता. वहिनीशी बोलत होता. येताना दूध आणतो म्हणाला, ते मी आतून ऐकलं."

"एका कानाला फोन लावून पण तिन्ही बटणं..." म्हातारबुवा बोलून गेले आणि थांबले. भिंतीपाशी मुलाने डोळे मिटले.

जोडीदाराने डावा पंजा पॅनलवर ठेवला. अंगठा 'पट्ट्या'वर, मधलं बोट 'दिव्या'वर. करंगळी 'पंख्या'कडे ताणली. बोटं पांढरी पडली. मधे पॅनलचा हातभर पत्रा उरला.

पडद्यावर दोनच नावं होती.

"नाही पुरत, काका," तो म्हणाला. "एका हाताने काय काय होत नाही, ते आता मला विचारा."