वीतभर

मुलुंडच्या एका प्रयोगशाळेत कामाला असलेल्या चेतनाने मिरचीचं रोप घरी आणून खिडकीत ठेवलं. त्याच्या मुळांना तिने उपयोगी जिवाणू लावले होते. ते खोडात शिरून राहतात आणि झाडाला आतून वाढवतात. आठवड्याभरात रोप वीतभर वाढलं.

"आई, युनिफॉर्म मोठा झालाय," तिची लेक आम्रपाली सकाळी म्हणाली.

चेतनाने तिला दाराच्या चौकटीशी उभं केलं. गेल्या वाढदिवसाची पेन्सिलची खूण पोरीच्या डोक्याच्या वीतभर वर होती.

दिवसभर चेतना खिडकीपाशी येरझारा घालत राहिली. संध्याकाळी रोपाचा शेंडा ग्रिलच्या वरच्या गजाला टेकला, तेव्हा तिने कात्री उचलून खोडाला लावली.

मागे आम्रपालीने दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला.

"आई, हळू हं."