लिफ्टमधला नकाशा

"वहिनी, बाल्कनीच्या पाइपात काही ओतू नका हं. पावसाचं पाणी तसंच थेट ओढ्यात जातं," लिफ्टमध्ये नकाशा चिकटवताना शेजारची मैथिली म्हणाली होती. गटारांचं पाणी तपासून तिनं तो रंगवला होता. स्वच्छ ते निळं, घाण ते लाल. "आपली बिल्डिंग निळी आहे ना? मग झालं!" मी हसले.

काल वाळवीचं औषध मारून अर्धी बाटली उरली. बाळ रांगतंय, दिसेल ते तोंडात घालतंय. विष घरात नको म्हणून भर पावसात मी ती पाइपात रिकामी केली.

आज सकाळी कामाला येणाऱ्या शेवंताचा फोन. "ताई, आज मजाच! ओढ्यात मासे वरच तरंगतायत. पोरीनं पाटीभर धरले. कालवण घेऊनच येते," म्हणत मी थांबवायच्या आत तिनं फोन ठेवला.

मी लिफ्टकडे धावले. आमच्या गेटपासून निघालेली निळी रेघ सोसायटीगणिक तांबडी होत पुलाखालच्या वस्तीपाशी लालभडक संपत होती. शेवंता तिथंच राहते.

आता ती फोन उचलत नाही. बाळाला घेऊन मी रिक्षात बसलेय, पण पुलावर गाड्या तुंबल्यात. तुम्ही तिथं जवळपास असाल तर तिच्या घरी जाऊन बघाल का, पोर जेवायला बसली नाही ना?