पेन्सिलच्या फुल्या

कर्जाची प्रत्येक अट ग्राहकाला मोठ्याने वाचून दाखवायची, असा नवा कायदा आला आणि शाखेच्या मॅनेजरसाहेबांचं डोकंच फिरलं. वीस वर्षं ते कागदांवर पेन्सिलने फुल्या मारून "इथे सही, इथे सही" म्हणत आले होते. त्यात कुणाचं काही अडलं नव्हतं, निदान बँकेचं तरी.

"सरकारला दुसरे उद्योग नाहीत!" असं पुटपुटत त्यांनी शिलाई मशीनसाठी कर्ज मागायला आलेल्या बाईंसमोर एकोणीस पानांचा करार वाचायला घेतला. सहा पानं गाडी सुसाट होती. सातव्यावर "व्याजदर कधीही वाढवण्याचा हक्क बँकेचा, कर्जदाराला कळवण्याची गरज नाही" हे वाचताना साहेब अडखळले. अकराव्या पानावर त्यांनी पाणी मागवलं.

"साहेब, बरं वाटत नाही का?" बाईंनी काळजीने विचारलं.

"छे छे, नेहमीचंच आहे हो सगळं," साहेब घाम पुसत म्हणाले.

बाई "विचार करून सांगते" म्हणत पर्स उचलून चालत्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेत एकच अर्ज आला, घराचं कर्ज दुसऱ्या बँकेत हलवण्याचा.



खाली अर्जदार म्हणून मॅनेजरसाहेबांची सही होती. फुली मात्र कुणी मारून दिली नव्हती.